दोन वेढे, तिसरा नाही

बाळगुटीचं माप चमच्यात नसतं, वेढ्यांत असतं. सहाणेवर थेंबभर आईचं दूध नाहीतर उकळून गार केलेलं पाणी घ्यायचं आणि एकेक काष्ठ त्यावर फिरवायचं. बाळहिरडा दोन वेढे, मुरुडशेंग दोन, सुंठ एक, जायफळ अर्धा. वेखंड एकच, तोही हलक्या हातानं. बाळाला पातळ होत असेल तर त्या दिवशी हिरड्याला सुट्टी. पोटात मुरडा असेल तर मुरुडशेंगेचा एक वेढा जास्त. महिने सरतील तसे वेढे वाढतात. जायफळ जास्त उगाळलं तर पोर गुंगून पडतं, हे उगाळणारीला वेगळं सांगावं लागत नाही. कोल्हापुरात काष्ठौषधींच्या दुकानात गुटीचा संच आजही पुडीत बांधून मिळतो. पुडीत काय काय आहे ते दुकानदार सांगतो. वेढे किती, ते पुडीवर छापलेलं नसतं.

बालरोगतज्ज्ञ म्हणतात, पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही देऊ नका. ते मला पूर्ण पटतं. वेखंडातल्या बीटा-ॲसरोन या घटकामुळे अमेरिकेनं १९६८ सालीच वेखंड खाण्याच्या पदार्थांत घालायला बंदी केली. तेव्हा गुटी परत आणा, असं म्हणायला मी बसलेलो नाही. मला त्या सहाणेपाशी दुसरंच काही दिसतं. प्रयोगशाळा न पाहिलेल्या बायकांनी प्रत्येक काष्ठाला एक हद्द आखून दिली होती आणि ती हद्द बोटांच्या सवयीत बसवली होती. वेखंड चांगलं, हे अर्धं ज्ञान झालं. एकच वेढा, हे उरलेलं अर्धं.

रानातल्या औषधांबद्दल आज जे बोललं जातं त्यातून हे उरलेलं अर्धं गळून गेलं आहे. अमुक पाला तमुक रोगावर, एवढ्या जोड्या तेवढ्या फिरतात. मोबाइलवर फिरतात, कॅलेंडरच्या मागच्या पानावर छापून येतात, पावसाळ्यातल्या रानभाजी महोत्सवांच्या फलकांवरही येतात. किती घ्यायचं, कोणत्या महिन्यात, किती दिवस, कशाबरोबर, कुणी अजिबात घ्यायचं नाही आणि झाडाचं किती शिल्लक ठेवायचं, याला त्या जोड्यांत जागा नसते. माझं म्हणणं असं की औषध हे या नकारांतच असतं. पाला काय, गायरानात शेळीही खाते.

कोल्हापूर जिल्ह्यात हा विषय हौसेचा नाही. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, शिरोळात, पाचशे-सहाशेच्या आसपास. एवढ्या थोड्या अंतरात सदाहरित जंगल, सडे, गवताळ माळ आणि काळी रानं सगळं येतं. शिवाजी विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ श्रीरंग यादव आणि मिलिंद सरदेसाई यांनी २००२ साली जिल्ह्याच्या वनस्पतींचा जाडजूड ग्रंथच काढला. राधानगरीचं अभयारण्य २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत आहे. चंदगड, आजरा, भुदरगड, शाहूवाडीच्या वाड्यावस्त्यांवर औषध आणि पेय यांच्यात फार मोठी भिंत कधी नव्हतीच. रातांब्याच्या सालीचं सार पित्तावरही आणि जेवणातही. उपळसरीच्या मुळाचं पाणी उन्हाळ्यात अंगातली उष्णता काढायला. तापावर किराईत, आणि त्यातही काडेकिराईत वेगळं, पालेकिराईत वेगळं, हे सांगणारं माणूस घरात असायचं.

टाकळ्याचंच बघा. मृगाचा पाऊस पडला की रस्त्याच्या कडेला, उकिरड्यावर, कुठंही तो उगवतो. कोवळी पानं मिटलेली असतात तोवर भाजी करायची. शेंगा धरल्या की भाजी बंद. मग दिवाळीनंतर शेंगा वाळतात, तडकतात, आत चकाकत्या तपकिरी, कोपरे कापल्यासारख्या बिया असतात. त्या खापरात काळपट होईतो भाजायच्या, कुटायच्या, आणि त्या भुकटीची कॉफी करायची. कच्च्या बियांची कुणी केली नाही. तीच बी ताकात किंवा लिंबाच्या रसात वाटून नायट्यावर लावायची, पोटात घ्यायची नाही. एकाच झाडाला चार हंगाम, चार नियम. महोत्सवाच्या फलकावर मात्र 'टाकळा: त्वचारोगांवर गुणकारी' एवढंच येतं, आणि ते वाचून कुणीतरी बियांचं चूर्ण रोज सकाळी पाण्यातून घ्यायला लागतो.

इथं एका लाडक्या तक्रारीचा समाचार घेतला पाहिजे. चहानं आपली सगळी देशी पेयं मारली, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मारली असतील. पण कोल्हापुरात चहाचा इतिहास जरा वेगळा आहे. भाऊसिंगजी रोडवर गंगाराम कांबळे यांनी शाहू महाराजांच्या आधारानं 'सत्यसुधारक' हॉटेल काढलं आणि महाराज स्वतः तिथं जाऊन अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसाच्या हातचा चहा उघडपणे प्याले, सोबतच्या मानकऱ्यांनाही पाजला. घरच्या चुलीवरचं सार आणि सरबत कितीही पाचक असो, ते घरच्या उंबऱ्याच्या आतच राहायचं. हॉटेलातल्या कपानं जे केलं ते त्याला जमलं नसतं. म्हणून चहाविरुद्ध उपळसरी असा सामना लावण्यात मला गंमत वाटत नाही. आणि ही गोष्ट पुढं पुन्हा लागणार आहे, कारण कुणाच्या हातचं घ्यायचं आणि त्या हाताला काय द्यायचं हा प्रश्न औषधालाही सुटलेला नाही.

नकाराकडे वळू. दुधी चिरताना त्याचा तुकडा जिभेवर ठेवून बघायचा, कडू लागला तर अख्खा दुधी फेकायचा, ही स्वयंपाकघरातली जुनी सवय. मग दुधीचा रस पिण्याची लाट आली. रस नाक दाबून प्यायचा असतो अशी समजूत झाली, कडू म्हणजे गुणकारी असंही वाटू लागलं, आणि कडू दुधीच्या रसानं माणसं दगावली. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेला तज्ज्ञांची समिती नेमावी लागली. कडू रस पिऊ नका, हेच समितीनंही सांगितलं. कडवटपणा आणणारी कुकरबिटासिन ही द्रव्यं विषारी असतात. म्हणजे चिरणाऱ्या बाईची जीभ बरोबर होती. सुरणाला चिंच किंवा आमसूल लावल्याशिवाय हात घालायचा नाही, अळू तसंच. हे सगळं 'कशाबरोबर' या खात्यातलं ज्ञान आहे. रस काढणाऱ्या यंत्राला ते कळत नाही.

गुळवेलीची गोष्ट याहून ताजी आणि जास्त वादग्रस्त. २०२० साली करोना आला आणि आयुष मंत्रालयानं काढ्याचं प्रमाण जाहीर केलं: तुळस चार भाग, दालचिनी आणि सुंठ दोन-दोन, मिरी एक. यात निदान प्रमाण तरी होतं. पण लोकांनी त्यात गुळवेल घातली आणि तो काढा, गोळ्या, रस असं महिनोन्महिने घेतलं. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, पुढच्या वर्षी देशातल्या तेरा केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांची. त्यांपैकी अनेकांच्या अंगात स्वयंप्रतिकारशक्तीचा विकार आधीच दबून असावा आणि गुळवेलीनं तो उफाळला, असा त्या डॉक्टरांचा निष्कर्ष. मंत्रालयाचं उत्तर असं की ही गुळवेल नव्हेच, तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात लोकांनी तोडून आणली असणार.

दोन्ही बाजू एकमेकींना खोटं पाडायला निघाल्या होत्या, पण बाहेरून पाहणाऱ्याला त्या एकाच भोकाकडे बोट दाखवताना दिसतात. वेल ओळखणारा माणूस नसेल तर मंत्रालयाचं खरं. किती दिवस आणि कुणी घ्यायची नाही हे सांगणारा नसेल तर डॉक्टरांचं खरं. पूर्वी काढा तीन दिवस, फार तर सात दिवस. बरं वाटलं की बंद. पुन्हा तो इतका कडू असायचा की आठव्या दिवशी कुणी मागायलाच जायचं नाही. कडूपणा हाच दारावरचा पहारेकरी होता. कॅप्सूलनं पहिल्यांदा त्याला हाकललं. 'रोगप्रतिकारशक्ती' या शब्दानं दुसरं काम केलं. रोगावरचं औषध रोग गेला की थांबतं. शक्ती वाढवण्याला थांबा कुठला? निरोगी माणूस बारमाही गिऱ्हाईक झाला.

आता उलट बाजूचं. विज्ञानानं झाडपाल्याला तुच्छ लेखलं, अशी ओरड असते. कुंपणावरच्या अडुळशातल्या व्हॅसिसिनवरून ब्रोमहेक्झिन तयार झालं, आणि कफ पातळ करणाऱ्या कितीतरी औषधांत ते किंवा त्याच्याच कुळातलं अँब्रोक्सॉल असतं. सर्पगंधेचं उदाहरण तर आपल्या घरचं. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवर सर्पगंधेचा उच्च रक्तदाबासाठी वापर करून १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निबंध लिहिला. जगाचं लक्ष तिकडं गेलं, १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या संशोधकांनी तिच्या मुळातून रेसरपिन वेगळं काढलं. वकिलांना १९५७ चं लास्कर पारितोषिक मिळालं. आणि मग काय झालं? रेसरपिन मोठ्या प्रमाणात देऊ लागल्यावर रुग्ण उदास होतात, अशा तक्रारी आल्या, आणि डॉक्टरांना हात आखडता घ्यावा लागला. प्रयोगशाळेलाही शेवटी सहाणेवरचाच प्रश्न सोडवावा लागला: किती वेढे? तिनं तो मिलिग्रॅममध्ये सोडवला, चुका मोजल्या, लिहून ठेवल्या. आजीच्या हिशोबात चुकलेलं पोर कुठं लिहिलेलं नसे, ही तिची बाजू लंगडी होती हेही मान्य करायला हवं. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी डॉक्टरांशी भांडण्यात वेळ घालवू नये. मोजण्याच्या बाबतीत दोघं एका पंगतीतले आहेत. पंगतीबाहेरचा आहे तो 'नैसर्गिक आहे, अपाय नाही' असं बाटलीवर छापणारा.

सरकारलाही हे माप एकदा जड गेलं होतं. घाटात मार्गशीर्षापासून उन्हाळ्यापर्यंत लालभडक फुलणारी धायटी आसवं आणि अरिष्टं आंबवायला घालतात. आंबवलं की मद्यार्क आलाच. मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं औषधी अरिष्टंही दारूच्या रांगेत बसवली. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं मद्यार्क असलेल्या औषधांपुरती ती बंदी रद्द ठरवली. औषध कुठं संपतं आणि गुत्ता कुठं सुरू होतो, याचं उत्तर वनस्पतीत सापडत नाही. पेल्याच्या आकारात सापडतं.

माप शरीराचं असतं तसं रानाचंही असतं. साल काढायची तर एकाच अंगाची काढायची, खोडाला कडं पडू द्यायचं नाही. कंद उकरला तर एक डोळा मातीत परत पुरायचा. देवराईतलं पडलेलं लाकूडसुद्धा उचलायचं नाही. यात भीती होती, श्रद्धा होती आणि अनुभवही होता. हिरड्याचं झाड शेकडो पोरांच्या गुटीला पुरलं, शिवाय कातडं कमवायलाही पुरलं. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांतच मुरतं. फळ वेचल्यानं झाड मरत नाही.

नरक्याच्या नशिबी हे आलं नाही. चंदगड, आजरा, राधानगरीच्या जंगलात हे मध्यम उंचीचं झाड आहे, दुर्गंधामुळं त्याला कुणी जवळ करत नसे. १९६६ साली अमेरिकेत मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन शोधलं. १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी तेच द्रव्य आपल्या नरक्यात दाखवलं. त्यापासून बनवलेली टोपोटेकन आणि इरिनोटेकन ही कर्करोगावरची औषधं १९९६ मध्ये अमेरिकेत मान्य झाली. मोठं काम आहे, त्यानं माणसं जगली. पण एवढ्याशा द्रव्यासाठी लाकडाचे ढीग लागतात आणि ते द्रव्य मुळांत जास्त, म्हणून झाड मुळासकट जातं. जमिनीपासून थोडं वर तोडलं असतं तर बुंधा पुन्हा फुटला असता. वन विभागानं नरक्याच्या लाकडाची पोती पकडली, अशा बातम्या आपल्याकडे अधूनमधून येतात. पकडला जातो तो बहुतेक किलोवर मजुरी घेणारा गडी. इथं 'किती' विचारायला कुणी नव्हतं, कारण स्थानिक माणसाला या झाडाशी पिढ्यांचा व्यवहारच नव्हता. त्याच्याभोवती नकार तयार व्हायला वेळ मिळाला नाही. गुळवेल शरीरात जास्त झाली आणि नरक्या रानातून जास्त निघाला, या मला दोन वेगळ्या गोष्टी वाटत नाहीत.

मग हे नकार सांभाळणारी माणसं कोण? धनगरवाड्यावरच्या म्हाताऱ्या, गावोगाव फिरणारे वैदू, सुईणी, गुरं राखणारी पोरं. वैदूकडची मुळी गाव घ्यायचं, त्याचं पाल मात्र वेशीबाहेर. आजही तीच रीत कायद्याच्या भाषेत चालू आहे. हळदीनं जखम भरते यावर मिसिसिपी विद्यापीठाच्या संशोधकांना १९९५ मध्ये अमेरिकन पेटंट मिळालं होतं. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरनं ते १९९७ मध्ये रद्द करून घेतलं आणि आपण पेढे वाटले. वाटायलाच हवे होते. पण ती लढाई जिंकली गेली ती जुन्या ग्रंथांच्या आणि छापील निबंधांच्या जोरावर. हळद लिहिलेली होती. जे लिहिलेलं नाही, त्याच्या बाजूनं न्यायालयात उभं कोण राहणार?

जैवविविधता कायदा २००२ साली आला तो याच अडचणीवर उतारा म्हणून. वनस्पतीवर धंदा करणाऱ्यानं तिच्या राखणदारांना लाभाचा वाटा द्यायचा. दिव्य फार्मसी या आयुर्वेदिक औषधांच्या कंपनीनं हा वाटा द्यायला नकार दिला तेव्हा उत्तराखंड उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये निकाल दिला की देशी कंपनीलाही तो द्यावाच लागेल. मग २०२३ ची दुरुस्ती आली. ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना आणि नोंदणीकृत आयुष वैद्यांना लाभवाटपातून सूट मिळाली. खेड्यातल्या एखाद्या वैद्याला कागदपत्रांच्या जाचातून सोडवलं हे ठीक. पण त्याच छत्रीखाली कोट्यवधींची उलाढाल करणारेही उभे राहिले. चरक-सुश्रुतात नाव आहे एवढ्यानं गुळवेल झाडावरून खाली उतरत नाही, ती कुणीतरी उतरवतं. केरळात हे जमलेलं आहे. अगस्त्य डोंगरातल्या काणी आदिवासींनी १९८७ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांना आरोग्यपच्चा दाखवली, तिच्यापासून 'जीवनी' हे औषध झालं, १९९५ मध्ये ते दहा लाख रुपये आणि दोन टक्के स्वामित्वधनावर कंपनीला दिलं गेलं, आणि त्यातला अर्धा हिस्सा काणींच्या विश्वस्त निधीला ठरला. पुढं त्यात कटकटी झाल्या. तरीही हिस्सा ठरला, तो कागदावर आला.

२०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं मिलानमध्ये कोल्हापुरी घाटाच्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. केवढा गहजब झाला! भौगोलिक मानांकन २०१९ पासून हातात होतं, त्यामुळं भांडता आलं, कंपनीला दखल घ्यावी लागली. मला तो राग आवडला. पण त्याच चपलेच्या चामड्यात मुरलेला हिरडा कुणी वेचला, हा प्रश्न त्या गदारोळात एकदाही ऐकू आला नाही.

हा प्रश्न विचारण्याची जागा खरं तर प्रत्येक गावात आहे. ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिनं लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. कल्पना उत्तम. माधव गाडगीळांसारख्या माणसांनी तिच्यासाठी आयुष्य वेचलं. पण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दिली, नाहीतर राज्याला महिना दहा लाखांचा दंड, आणि मग देशभर नोंदवह्या धडाधड भरल्या गेल्या. धाकानं भरलेल्या तक्त्यात जे येतं तेच आलं: वनस्पतीचं नाव, शास्त्रीय नाव, उपयोग. पुन्हा त्याच जोड्या. हॉलंडच्या व्हान रीड यानं मलबारच्या वनस्पतींवर ग्रंथमाला काढली तेव्हा १६७८ च्या पहिल्या खंडात इट्टी अच्युतन या वैद्याचं प्रमाणपत्र त्याच्याच लिपीत छापलं होतं. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका वसाहतवादी अधिकाऱ्याला जे सुचलं, ते आपल्या तक्त्यात एक रकाना वाढवून सहज करता येईल. माहिती देणाऱ्याचं नाव, त्याची संमती, आणि त्याच्या शेजारी: किती, किती दिवस, कुणाला नाही, झाडाचं काय राखायचं.

अडचण आहे ती वेळेची. असलं ज्ञान प्रश्नावली पुढं केल्यावर बाहेर येत नाही. झाड समोर असावं लागतं. टाकळ्याबद्दल बोलायचं तर आषाढात आणि पुन्हा कार्तिकात जावं लागेल, धायटीसाठी माघात, रातांब्यासाठी वैशाखात. कंदवर्गीय निम्म्या वनस्पती उन्हाळ्यात जमिनीवर दिसतच नाहीत. म्हणजे गगनबावड्यासारख्या तालुक्यात एक जाणकार माणूस वर्षभर ठेवायला हवा, पावसाळ्यातले चार महिने तर धरून. त्याचा पगार आणि सांगणाऱ्या म्हातारीचा बुडालेला रोज कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकायचा, हे जिल्हा परिषदेनं आधी ठरवावं. नोंदवही त्यानंतर उघडावी.